नदी पर्वत झिजवते, मग पर्वत उंच कसा होतो?

प्रश्न असा आहे: पाऊस, हिमनद्या आणि नद्या पर्वत झिजवतात हे शाळेपासून शिकवले जाते, मग झिजेमुळेच हिमालयाची काही शिखरे उंच होत आहेत असे भूवैज्ञानिक म्हणतात, ते कशाच्या आधारावर? आणि हाच नियम आपल्या सह्याद्रीला लागू होतो का? हिमालयातील नद्यांची झीज मोजण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो. विधान खरे आहे, पण ते बहुधा अर्धवट सांगितले जाते. हिमालयाचा जन्म भारतीय आणि युरेशियन भूपट्टांच्या टकरीतून झाला. ती टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली आणि आजही हिमालयाच्या पट्ट्यात भूकवच दरवर्षी सुमारे २ सेंटिमीटरने आकसते आहे. या आकसण्यातून वर ढकलला जाणारा खडक नेमका कोठे, किती वेगाने आणि किती काळ वर येत राहणार, यावर मात्र नद्यांची मोठी सत्ता चालते.

आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे. ‘पर्वत उंच होतो’ असे म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाने सांगत असतो. पहिली म्हणजे समुद्रसपाटीच्या संदर्भात खडकाचे वर सरकणे, दुसरी म्हणजे वरचे थर निघून गेल्यामुळे खोलवरचा खडक उघडा पडणे, आणि तिसरी म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागाची उंची प्रत्यक्षात वाढणे. यांपैकी पहिलीतून दुसरी वजा केली की तिसरी मिळते. खडक वर्षाला ५ मिलिमीटर वर येत असेल आणि नद्या व दरडी मिळून तेवढाच खडक काढून नेत असतील, तर पृष्ठभाग लाखो वर्षे जागच्या जागी राहील, पण त्याखालून किलोमीटरच्या किलोमीटर खडक वर येऊन निघून गेलेला असेल. फिलिप इंग्लंड आणि पीटर मोलनार यांनी १९९० मध्ये हा भेद स्पष्ट मांडला आणि त्याआधीचे पुष्कळ वाद केवळ शब्दांच्या सैल वापरामुळे झाले होते हे दाखवून दिले. खोलवर तयार झालेला खडक आज शिखरावर सापडला, एवढ्यावरून ते शिखर पूर्वी ठेंगणे होते असे ठरत नाही. वरचा भार निघून गेला एवढेच ठरते. वृत्तपत्रांत येणाऱ्या बातम्या वाचताना हा भेद मनात ठेवला तर निम्मे कोडे आपोआप सुटते.

आता मूळ मुद्दा. वजन काढले की भूकवच वर का येते, याचे उत्तर योगायोगाने भारतातील सर्वेक्षणातूनच मिळाले. एकोणिसाव्या शतकात त्रिकोणमितीय सर्वेक्षण चालू असताना मध्य भारतातील कल्याणपूर आणि उत्तरेकडील, हिमालयाच्या बऱ्याच जवळचे कलियाना या दोन ठाण्यांमधील अक्षांशांचा फरक दोन पद्धतींनी काढला गेला: एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून आणि एकदा जमिनीवरील मोजमापावरून. दोन्ही उत्तरांत सुमारे ५.२ कोनीय सेकंदांची तफावत आली. जमिनीवर ही तफावत जेमतेम १६० मीटरची होते, पण त्या काळच्या सर्वेक्षणाच्या काटेकोरपणाला ती मुळीच शोभणारी नव्हती. कोलकात्यात असलेले धर्मोपदेशक आणि गणिती जॉन हेन्री प्रॅट यांनी विचार केला की हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंबा आपल्याकडे ओढत असणार. त्यांनी हिशेब मांडला तेव्हा ओढ सुमारे १५.९ सेकंद यायला हवी होती, म्हणजे प्रत्यक्षातील तफावतीच्या तिप्पट. हिमालय दिसतो तेवढा जड नाही, असा याचा अर्थ होता. १८५५ मध्येच जॉर्ज बिडेल एअरी यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले: पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडाच्या ओंडक्यांमध्ये जो ओंडका पाण्याबाहेर अधिक दिसतो तो पाण्याखालीही अधिक खोल असतो, तसे उंच पर्वताखाली हलक्या खडकाचे मूळ खोलवर गेलेले असते आणि तेथे त्याने अधिक जड द्रव्याची जागा घेतलेली असते. भूकवच आणि त्याखालचे प्रावरण यांच्यातील या तोलाला समस्थायित्व म्हणतात.

या तोलाचा परिणाम आकड्यांत पाहावा. भूकवचाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे २.८ ग्रॅम आणि वरच्या प्रावरणाची ३.३ ग्रॅम धरली, तर एखाद्या विस्तीर्ण प्रदेशावरून १००० मीटर जाडीचा खडक निघून गेल्यावर भूकवच सुमारे ८५० मीटर वर उचलले जाते आणि प्रदेशाची सरासरी उंची फक्त १५० मीटरने घटते. म्हणूनच पर्वत नष्ट व्हायला एवढा प्रदीर्घ काळ लागतो: वरून जेवढे निघते त्याचा बराचसा भाग खालून भरून येतो. येथपर्यंत झिजेने उंची कमीच झाली. पण झीज सर्वत्र सारखी नसते. हेच १००० मीटर सरासरीने, पण केवळ दऱ्या खोदून काढले गेले आणि शिखरांना फारसा धक्का लागला नाही, तर उचल मात्र दऱ्या आणि शिखरे दोघांनाही मिळते. अशा वेळी सरासरी उंची घटते आणि शिखरांची उंची वाढते. विरोधाभास वाटतो तो एवढाच, आणि त्यात कोणतीही चलाखी नाही. अर्थात ८५० मीटर ही कमाल मर्यादा झाली. भूपट्टाला स्वतःचा ताठरपणा असतो, त्यामुळे एका अरुंद दरीचा भार गेल्याची उचल तिच्या दोन्ही बाजूंना पुष्कळ अंतरापर्यंत वाटली जाते आणि कोणत्याही एका शिखराच्या वाट्याला तिचा थोडाच भाग येतो. डेव्हिड मॉन्टगोमरी यांनी १९९४ मध्ये केलेल्या हिशेबानुसार हिमालयातील शिखरांच्या आजच्या उंचीपैकी २० ते ३० टक्के भाग दऱ्या खोदल्या गेल्याने आलेला असू शकतो, तर तिबेटच्या पठारावर आणि कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडामध्ये हा वाटा फार तर ५ ते १० टक्के भरतो.

ही कल्पना हिमालयाला प्रथम लावून पाहिली ती लॉरेन्स वेजर यांनी. १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ते भूवैज्ञानिक आणि गिर्यारोहक म्हणून सामील होते, आणि १९३७ मध्ये त्यांनी अरुण नदीवरचे आपले काम प्रसिद्ध केले. अरुण तिबेटच्या बाजूला उगम पावते आणि एव्हरेस्ट व कांचनजंगा यांच्यामधून, मुख्य रांग आरपार चिरून, नेपाळात उतरते. जगातील सर्वांत उंच रांगेला एखादी नदी आडवी कापून जाते याचा अर्थ वेजर यांनी असा लावला की नदी आधीची आणि पर्वत नंतरचा. पर्वत जसजसा वर आला तसतशी नदी आपले पात्र खोल करीत गेली. अशा नदीला पूर्ववर्ती नदी म्हणतात. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्राही याच वर्गात मोडतात असे दीर्घकाळ मानले गेले आहे. नदी मऊ खडक सोडून कठीण पट्टिताश्मातून (नाइस या पट्टेदार खडकातून) घळई कोरत जाते, हा त्यांच्या युक्तिवादाचा महत्त्वाचा आधार होता, कारण मागाहून वाट शोधणारी नदी मऊ खडकच पसंत करील. याच्या पुढे जाऊन त्यांनी सुचवले की या खोल दऱ्यांतून निघून गेलेल्या खडकाची भरपाई म्हणून आजूबाजूची शिखरे उचलली गेली असावीत. संगणक, उपग्रह किंवा खडकांची वये काढण्याची आजची साधने यांपैकी काहीही हाताशी नसताना केलेले हे अनुमान मला आजही विलक्षण वाटते.

२०२४ मध्ये याच नदीचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. चीन आणि ब्रिटनमधील संशोधकांच्या एका गटाने नदीच्या उताराचा आकार तपासून आणि संगणकीय प्रतिमानाच्या साहाय्याने असे मांडले की अरुण नदीने सुमारे ८९,००० वर्षांपूर्वी तिबेटच्या बाजूचे एक मोठे खोरे आपल्याकडे खेचून घेतले, त्यामुळे तिचे पाणी आणि खोदण्याची शक्ती एकाएकी वाढली, आणि त्यातून झालेल्या झिजेच्या भरपाईने एव्हरेस्ट १५ ते ५० मीटर अधिक उंच झाले. वर्षाला हा वाटा साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर येतो. प्रश्नकर्त्याने वाचलेली बातमी बहुधा हीच असावी. दोन गोष्टी येथे लक्षात घ्याव्यात. ८,८४८.८६ मीटर उंचीच्या शिखरात हे १५ ते ५० मीटर म्हणजे अर्धा-पाऊण टक्कासुद्धा नाही. बाकीची सगळी उंची टकरीने जाड झालेल्या भूकवचाची आहे. दुसरे असे की वेजर यांची पूर्ववर्ती नदी आणि हे नदीचौर्य, म्हणजे एका नदीने दुसरीचे पाणी पळवणे, ही दोन परस्परविरोधी चित्रे आहेत. शिखराची उचल झिजेच्या भरपाईतून होते हे दोन्हींत समान आहे, पण नदीचे वय दोन्हींत निराळे आहे. ८९,००० हा आकडा प्रतिमानातून आलेला आहे, एखाद्या जुन्या पात्रातील गाळाचे वय थेट मोजून आलेला नाही. म्हणून मी तो सध्या एक चांगला प्रस्ताव समजतो, निकाल समजत नाही.

झिजेचा वेग कसा कळतो, हे सांगितल्याशिवाय वरील कशावरही विश्वास ठेवण्याचे कारण नाही. त्यासाठी आम्ही नदीची वाळू गोळा करतो. अंतराळातून येणारे विश्वकिरण जमिनीच्या वरच्या साधारण अर्ध्या-पाऊण मीटरमधील क्वार्ट्झच्या स्फटिकांत बेरिलियम-१० या किरणोत्सर्गी समस्थानिकाचे अणू तयार करतात. समुद्रसपाटीला एक ग्रॅम क्वार्ट्झमध्ये वर्षाकाठी जेमतेम चार-पाच अणू तयार होतात; उंचावर हा दर कित्येक पटींनी वाढतो. खडक सावकाश झिजत असेल तर एखादा कण पृष्ठभागाजवळ बराच काळ राहतो आणि त्यात हे अणू अधिक साठतात. झीज जलद असेल तर कमी साठतात. नदीच्या मुखाशी घेतलेली मूठभर वाळू सगळ्या पाणलोट क्षेत्रातून आलेली असते, म्हणून ती त्या संपूर्ण क्षेत्राची सरासरी सांगते. वाळू चाळून, आम्लांनी वारंवार धुऊन शुद्ध क्वार्ट्झ वेगळे करायला कित्येक आठवडे लागतात, आणि शेवटची मोजणी त्वरक यंत्रावर, म्हणजे अणूंना प्रचंड वेग देऊन मोजणाऱ्या यंत्रावर, होते. भारतात ती सोय नवी दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात आहे. झिजेचा वेग वर्षाला १ मिलिमीटर असेल तर ही पद्धत साधारण गेल्या ६०० वर्षांची सरासरी देते. तिची एक मर्यादा प्रत्येक नवशिक्याला मी आवर्जून सांगतो: नमुन्याच्या वरच्या अंगाला नुकतीच मोठी दरड कोसळली असेल, तर खोलवरची, बेरिलियम जवळजवळ नसलेली वाळू मिसळते आणि लहान खोऱ्यातील झिजेचा आकडा फसवा फुगतो.

लाखो वर्षांचा हिशेब मांडायचा तर खडक थंड होण्याचा इतिहास वाचावा लागतो. अ‍ॅपेटाइट या खनिजात युरेनियमच्या विखंडनाने पडणारे सूक्ष्म ओरखडे सुमारे ११० अंश सेल्सिअसच्या खाली तापमान उतरल्यावरच टिकून राहतात. ते मोजून तो खडक या तापमानाच्या खोलीवरून केव्हा वर आला हे काढता येते. नंगा पर्वताच्या भागात अशी वये अत्यंत तरुण येतात. तेथे सुमारे १० लाख वर्षांपूर्वी कित्येक किलोमीटर खोलीवर घट्ट झालेला ग्रॅनाइट आज उघड्यावर आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, हे आठवले म्हणजे या वेगाची कल्पना येईल.

नंगा पर्वत हिमालयाच्या पश्चिम टोकाला आणि नामचा बरवा पूर्व टोकाला. दा. नौ. वाडिया यांनी १९३१ मध्ये दाखवले की वायव्येला हिमालयातील खडकांच्या रांगा भारतीय भूपट्टाच्या पुढे आलेल्या जिभेभोवती वळण घेतात. पूर्वेलाही तसेच वळण आहे. दोन्ही ठिकाणी एक महानदी हिमालय ओलांडते, पश्चिमेला सिंधू आणि पूर्वेला त्सांगपो (ब्रह्मपुत्रेचे तिबेटातील नाव), आणि दोन्ही ठिकाणी नदीला खेटून एकेक प्रचंड शिखर उभे आहे. त्सांगपो तिबेटात हजार किलोमीटरहून अधिक अंतर तुलनेने सौम्य उताराने वाहते, मग ७,७८२ मीटर उंचीच्या नामचा बरवा आणि ७,२९४ मीटर उंचीच्या ग्याला पेरी या शिखरांमधल्या घळईत शिरून २,००० मीटरहून अधिक खाली कोसळते आणि सियांग या नावाने अरुणाचलात येते. ब्रह्मपुत्रेच्या वाळूतील झिर्कॉन या खनिजाच्या कणांच्या वयांवरून २००८ मध्ये असे दिसून आले की तिच्या एकूण गाळापैकी जवळपास निम्मा गाळ या एवढ्याशा टापूतून येतो, जो तिच्या पाणलोट क्षेत्राचा दोन-चार टक्केच आहे.

पीटर झाइटलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याचा असा अर्थ लावला: नदी एका ठिकाणी फार वेगाने खोदत राहिली, की वरचा थंड आणि कणखर खडक निघून जातो, खालचा तप्त आणि मऊ खडक पृष्ठभागाजवळ येतो, भूकवच नेमके तेथे दुबळे होते आणि भूपट्टांच्या दाबाखाली आजूबाजूचा खडक त्या दुबळ्या जागेकडे सरकू लागतो. तो वर येतो, नदी त्याला कापते, आणि चक्र चालू राहते. समस्थायित्वापेक्षा ही फार पुढची कल्पना आहे, कारण येथे नदी पर्वताचा भार हलका करण्यावर थांबत नाही, तर खोलवरच्या खडकाच्या प्रवाहाला दिशा देते.

मग आधी कोण, नदी की उचल? २०१४ मध्ये याला एक चांगला पुरावा मिळाला. घळईच्या वरच्या अंगाला, त्सांगपोच्या रुंद खोऱ्यात जमिनीत खोल छिद्रे पाडली असता ५०० मीटरहून अधिक जाडीचा गाळ आणि त्याखाली नदीची जुनी, पुरलेली दरी सापडली. गाळाच्या तळाचे वय २० ते २५ लाख वर्षे निघाले. म्हणजे तोवर नदीने तेथे खोल दरी आधीच कोरलेली होती. त्यानंतर खालच्या अंगाला नामचा बरवाचा भाग झपाट्याने उचलला जाऊ लागला, नदी अडली, वरची दरी गाळाने भरली आणि उचललेल्या भागात पात्र तीव्र उताराचे झाले. माझ्या मते येथे सुरुवातीचे श्रेय भूपट्टाच्या कोपऱ्याला द्यावे लागते, पण उचल एवढ्याशा जागेत एवढ्या वेगाने टिकून राहिली ती नदीमुळे, कारण वर आलेला खडक नदीने हलवला नसता तर त्याच्या वजनानेच ही उचल मंदावली असती.

नदी एवढा खडक कापते कशी, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच पाहता येते. निघोजजवळ कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत ते पुराच्या भोवऱ्यात गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्ट घासून तयार झालेले आहेत. पाणी हे बळ पुरवते, कापणारे हत्यार असतात ते दगड. हिमालयात हेच काम पावसाळ्यातील मोजक्या पुरांत होते. नदी मात्र फक्त आपले पात्र खोल करते. दरीच्या भिंती खाली आणण्याचे काम दरडी करतात. डग्लस बरबँक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सिंधूच्या जुन्या पात्रांच्या कातळपायऱ्यांची वये काढली, तेव्हा खोदण्याचा वेग जागोजागी वर्षाला २ ते १२ मिलिमीटर असा बदलता आढळला, पण डोंगरउतारांचा सरासरी कोन सगळीकडे ३२ अंशांच्या आसपासच होता. उतार त्याहून फार तीव्र होऊच शकत नाही. नदीने पायथा खोल केला की दरड कोसळते. चमोली जिल्ह्यात ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ एकदम खाली आला आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. या मापाचे कोसळणे हिमालयाच्या झिजेचा नेहमीचा भाग आहे, आणि नदीकाठी वस्त्या व जलविद्युत प्रकल्प वसवताना ते अपवाद मानून चालणे मला अक्षम्य वाटते.

पावसाच्या बाबतीत मात्र सावधपणे बोलावे. जास्त पाऊस म्हणजे जास्त झीज आणि म्हणून जास्त उचल, हे सूत्र मोहक आहे. पण नेपाळातील मर्स्यांदी खोऱ्यात २००३ मध्ये झालेल्या अभ्यासात, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना पाऊस कित्येक पटींनी कमी होत असूनही, लाखो वर्षांच्या मापाने झिजेचा वेग जवळपास तसाच राहिलेला दिसला. कोरड्या भागात नदीचा उतार अधिक तीव्र होऊन पाण्याची उणीव भरून निघत असावी, हे मला त्यातले सर्वांत पटणारे स्पष्टीकरण वाटते.

आता सह्याद्री. येथे टक्कर नाही, वळ्या नाहीत, भूकवच जाड करणारी कोणतीही चालू प्रक्रिया नाही. लाव्ह्याचे थर जवळपास आडवे आहेत. पश्चिम किनारा फाटून सेशेल्सचा भाग दूर गेल्यानंतर उरलेली ही भूपट्टाची उंच कड आहे, आणि ती झिजत झिजत पूर्वेकडे मागे सरकली, तिच्यापुढे कोकणची पट्टी मोकळी झाली, असे सर्वसाधारण मत आहे. नद्या येथे काय करतात ते महाबळेश्वरी स्पष्ट दिसते: तेथूनच निघणारी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री सुमारे १०० किलोमीटरांत बाणकोटला अरबी समुद्र गाठते. सारख्याच उंचीवरून एवढ्या थोड्या अंतरात उतरणाऱ्या सावित्रीचा उतार तीव्र, म्हणून खोदण्याची ताकद अधिक, आणि म्हणून पाणलोटाची रेषा हळूहळू पूर्वेकडे ढकलली जाते.

झिजेच्या भरपाईचा नियम येथेही चालतोच. कोकणातून एक किलोमीटरच्या आसपास जाडीचा खडक निघून गेला असेल, तर भूपट्टाच्या ताठरपणामुळे त्याची उचल घाटमाथ्यालाही मिळणार, आणि कडेची आजची उंची काही अंशी त्यातून आली आहे असे मानायला सबळ कारण आहे. पण ही उचल मंद आहे आणि तिला पुढे रेटणारी टक्कर मागे नाही. हिमालयासारखे चक्र येथे चालू शकत नाही. वेगाचा हिशेब काटेकोरपणे मांडायला आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे बेसाल्टमध्ये मूळचे क्वार्ट्झ जवळजवळ नसते. दक्षिणेकडे, जेथे घाट ग्रॅनाइटी आणि पट्टिताश्माच्या खडकांचे आहेत, तेथे बेरिलियम-१० ने मोजणी झाली आहे आणि कडा माथ्यावरील पठारापेक्षा कितीतरी वेगाने झिजतो असे दिसले आहे. महाराष्ट्रातील कड्यांसाठी ऑलिव्हिन व पायरॉक्सिन या खनिजांतील हेलियम-३ किंवा खडकातील क्लोरीन-३६ ही विश्वकिरणांनीच तयार होणारी समस्थानिके वापरावी लागतात. सावित्री, वाशिष्ठी आणि उल्हास या नद्यांच्या खोऱ्यांत, कड्याच्या पायथ्यापासून मुखापर्यंत अशी मोजणी पद्धतशीर झाली, तर पूर्वेकडे सरकणाऱ्या या कड्याचा वेग आणि झिजेतून घाटमाथ्याला मिळालेली उचल एकाच हिशेबात मांडता येईल. भूविज्ञानात संशोधनाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला मी आज हेच काम सुचवीन.